जेवना का, भाऊ?

एप्रिल २०२१ मधली एक संध्याकाळ. पिंपळनेरच्या आमच्या घराच्या ओट्यावर मी एकटाच बसलो होतो. चार दिवसांपूर्वी नाशिकच्या एका रुग्णालयात माझी पत्नी गेली होती. सदतीस वर्षांचा संसार. आणि शेवटचे दर्शन झाले ते प्लॅस्टिकच्या आवरणाआडून, तेही लांबून. करोनाची दुसरी लाट तेव्हा ऐन भरात होती. लागण मलाही झाली होती, पण सौम्य. चौदा दिवस घराबाहेर पडायचे नाही आणि घरात कोणाला घ्यायचे नाही, असे बजावून मला घरी पाठवण्यात आले होते. मुलगा परदेशात, मुलगी पुण्यात. दोघेही मोबाइलच्या पडद्यावर रडत होती आणि मी त्या पडद्याला धीर देत होतो.

मोबाइल दिवसभर वाजत होता. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, जोडलेल्या हातांची चित्रे, तेवणारी समई, ‘ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो’. पाठवणारी माणसे परकी नव्हती. बँकेतले जुने सहकारी होते, वाचक होते, शाळेतले सोबती होते. सगळ्यांची मने चांगली होती. मी एकेक निरोप वाचत होतो, आणि आत काहीही पोचत नव्हते. पावसाचे पाणी पत्र्यावरून ओघळून जावे, तसे शब्द ओघळून जात होते.

दिवेलागणीला समोरच्या घरातल्या मावशी काठी टेकत आल्या. वय ऐंशीच्या घरात. तोंडाला पदर बांधलेला. ओट्याच्या खालच्या पायरीवर त्यांनी एक डबा ठेवला, मागे सरून विजेच्या खांबापाशी उभ्या राहिल्या आणि विचारले, “जेवना का, भाऊ?”

मी म्हणालो, “भूक नाही मावशी.”

“भूक नही ते नही. दोन घास खाई ले.”

मी डबा उघडेपर्यंत मावशी हलल्या नाहीत. कळण्याची भाकरी होती, ठेचा होता, वाटीभर वरण होते. पहिला घास तोंडात घातला आणि चार दिवसांत पहिल्यांदा मला रडू कोसळले. मावशी खांबापाशीच उभ्या होत्या. ‘रडू नको’ असे त्या म्हणाल्या नाहीत. माझे रडणे आवरल्यावर म्हणाल्या, “डबा ऱ्हाऊ दे. सकाय लई जासू.” आणि गेल्या.

शेकडो निरोपांनी जे झाले नाही, ते या साध्या प्रश्नाने कसे झाले? पुढचे वर्षभर मी याच प्रश्नाभोवती फिरत राहिलो. कादंबऱ्या लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा शब्दांवर भरवसा असतो. तो भरवसा त्या दिवसांत डळमळला होता. आणि खरे सांगायचे तर देवावरचाही.

आमच्या खानदेशात दुखवट्याला जाण्याची एक रीत आहे. ‘दारावर जाऊन येणे’ म्हणतात त्याला. ज्या घरी माणूस जातो, त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे पिठले-भाकरी घेऊन येतात आणि घरातल्यांना बळेबळे दोन घास भरवतात. मग दहा-बारा दिवस माणसांची रीघ. साक्रीहून, धुळ्याहून, शेलबारी घाट ओलांडून ताहाराबाद-सटाण्याकडून नातेवाईक येतात. बायका गळ्यात गळा घालून हेल काढून रडतात. रडता रडता गेलेल्या माणसाच्या आठवणीही सांगतात. पुरुष अंगणात सतरंजीवर बसतात. बराच वेळ कोणी बोलत नाही. मग एखादा विचारतो, “कसं झालं?” घरचा माणूस पहिल्यापासून सगळे सांगतो. तासाभराने दुसरे लोक येतात. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच हकिकत. शेवटी गंधमुक्ती होते आणि घर हळूहळू कामाला लागते.

तरुणपणी मला या रीतीचा कंटाळा यायचा. एकच गोष्ट पन्नास वेळा सांगायला लावून या लोकांना काय मिळते, असे वाटायचे. आता कळते की ऐकणाऱ्यांसाठी ती गोष्ट नसतेच. सांगणाऱ्याला स्वतःलाच ती खरी वाटत नसते. पन्नास वेळा उच्चारल्यावर कुठे ती जिभेला, मग कानाला, मग मनाला पटते. आपल्या वाडवडिलांनी मानसशास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते. पण माणूस बोलता झाला पाहिजे आणि जेवता झाला पाहिजे, एवढे त्यांना ठाऊक होते.

२०२१ च्या त्या एप्रिलमध्ये ही सगळी घडीच विस्कटली. अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसे नकोत, असा सरकारी आदेश होता, आणि साथीचा विचार करता तो योग्यही होता. आमच्याकडे तर वीसही नव्हते. ‘कसं झालं?’ असे समोर बसून कोणी विचारले नाही. आमच्यासारखी किती घरे त्या वर्षी अशी रडायची राहून गेली असतील, देव जाणे.

चौदा दिवस संपल्यावर काही जण तोंडाला मास्क लावून येऊ लागले. त्यांनी धीराचे शब्द आणले होते. ‘देवाला चांगली माणसंच हवी असतात.’ ‘जे होतं ते चांगल्यासाठीच.’ ‘सुटली बिचारी, सोन्याच्या पावलांनी गेली.’ ‘तुम्हीच असं केलंत तर मुलांनी कोणाकडे बघायचं?’ मी मान डोलवत होतो आणि मनात म्हणत होतो, देवाला चांगली माणसे हवी होती तर त्याने ती आधी आम्हाला द्यायचीच कशाला?

त्याच महिन्यात, १४ मे रोजी, आखाजी आली. खानदेशात आखाजी म्हणजे नुसती अक्षय्य तृतीया नव्हे. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, सांजोऱ्या आणि आमरस-पुरणपोळीचा घमघमाट सुटतो. आणि त्याच दिवशी पितरांची घागरही भरली जाते. आमच्या घरी घागर भरण्याची सारी तयारी ती करायची. त्या वर्षी मी घागर आणली नाही. देवघरात दिवा लावला नाही. सदतीस वर्षांत पहिल्यांदा देव पारोसे राहिले. मावशींनी डबा देताना उघड्या दारातून आतला अंधार पाहिला असणार. बोलल्या काहीच नाहीत.

मी धीराच्या शब्दांना नावे ठेवतो आहे, पण माझा स्वतःचा हिशेबही मांडला पाहिजे. बँकेत अधिकारी असताना खानदेशातल्या एका शाखेत माझ्याकडे मयत खातेदारांची प्रकरणे येत. एकदा एका पाड्यावरची बाई नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि पासबुक घेऊन आली. खाते एकट्या नवऱ्याच्या नावाचे, वारस म्हणून कोणाचे नाव लावलेले नाही. मी कागदांची यादी सांगितली आणि पुढच्या आठवड्यात या म्हणालो. तिला तीन खेपा पडल्या. त्यात बस म्हणून मी एकदाही म्हटले नाही. तिसऱ्या खेपेला अंगठा उठवून झाल्यावर तिने विचारले, “साहेब, आते त्यासनं नाव कटी जाई का?” मी कागदावरून मान वर न करता म्हणालो, “हो. नियमच आहे.” तिने पासबुकावरच्या नावावरून एकदा बोट फिरवले आणि पासबुक माझ्या टेबलावर ठेवले.

नियम खरोखरच तसा होता. माझे उत्तर बरोबर होते. पण ती नियम विचारत नव्हती, हे कळायला मला स्वतःच्या पत्नीचा मृत्यूचा दाखला घेऊन अशाच एका काउंटरपुढे उभे राहावे लागले. तिथला विशीतला मुलगा उठून म्हणाला, “काका, आधी बसा. पाणी आणतो.” त्याने पाण्याचा पेला पुढे ठेवला तेव्हा मला पाड्यावरची ती बाई आठवली. तिचे नावही माझ्या लक्षात नव्हते.

मे महिना असाच गेला. जूनच्या सुरुवातीला तिचे कपाट आवरताना ‘गीता प्रवचने’ची तिची जुनी प्रत सापडली. पाने पिवळी पडलेली, मध्ये किराणा मालाच्या यादीची खूण. हे पुस्तक आम्हा खानदेशी माणसांच्या घरचेच म्हणायला हवे, कारण ते आमच्या धुळ्याच्या तुरुंगात जन्मले. १९३२ साली विनोबा तिथे राजबंदी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी अठरा अध्यायांवर त्यांनी अठरा प्रवचने दिली. समोर सत्याग्रही कैदी बसलेले, आणि त्यांच्यात बसून भराभर लिहून घेणारे होते साने गुरुजी. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून ते १९३० साली सत्याग्रहात उतरले होते. त्यांनी लिहून घेतले नसते तर ती वाणी तुरुंगाच्या भिंतींतच विरून गेली असती.

बोलणारा आणि लिहून घेणारा, या दोघांच्याही मनात एक समान दुःख होते, ते माझ्या ध्यानात आले नव्हते. साने गुरुजींची आई १९१७ साली गेली. मुलगा शिक्षणासाठी दूर होता. शेवटच्या क्षणी तो आईजवळ नव्हता, आणि ती बोच त्यांच्या मनातून कधी गेली नाही. विनोबांची आई पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये गेली. अंत्यसंस्कार पुरोहिताकडून नकोत, आपणच करू, असा विनोबांचा आग्रह होता. घरच्यांना तो मानवला नाही, म्हणून ते स्मशानात गेले नाहीत. आईला निरोप देणे असे दोघांचेही राहूनच गेले होते.

मग त्यांनी काय केले? विनोबांच्या आईला संस्कृत येत नव्हते. गीता मराठीत कळावी अशी तिची इच्छा होती, आणि तूच का लिहीत नाहीस, असे तिने मुलाला म्हटले होते. तिच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १९३० च्या ऑक्टोबरपासून १९३१ च्या फेब्रुवारीपर्यंत बसून विनोबांनी ‘गीताई’ पुरी केली. नावातच आई आहे. आणि साने गुरुजींनी धुळ्याच्या त्या प्रवचनांनंतर वर्षभरातच, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेली ही दोन पुस्तके म्हणजे दोन मुलांनी उशिरा भरलेल्या घागरीच आहेत, असे मला आता वाटते.

मी ठरवले, धुळ्याच्या तुरुंगात झाले तसेच करायचे. दर रविवारी एक अध्याय. जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी तिच्या खुर्चीत बसून सुरुवात केली.

पहिल्याच रविवारी मी थबकलो. लहानपणापासून गीता म्हणजे कृष्णाचा उपदेश, असे ऐकत आलो. पण पहिल्या अध्यायात कृष्ण जवळजवळ बोलतच नाही. रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करतो, हे जमलेले कौरव पाहा, एवढे एकच वाक्य बोलतो आणि गप्प राहतो. अर्जुन बोलतो. अंगाला कंप सुटला, धनुष्य गळते आहे, तोंड कोरडे पडले, हे सगळे सांगतो; त्यात चुकीचे तर्क करतो, तेच तेच पुन्हा बोलतो आणि शेवटी धनुष्य टाकून बसतो. लढाई तोंडावर आली असताना देव हे सगळे शांतपणे ऐकून घेतो. त्या अध्यायाला आपल्या पूर्वजांनी नाव दिले ‘अर्जुनविषादयोग’. दुःखालाही त्यांनी योग म्हटले. दारावर आलेल्या माणसांसारखा देवही आधी अंगणात सतरंजीवर बसून ‘कसं झालं?’ ऐकून घेतो, हे वाचून माझा राग जरा निवला.

दुसऱ्या रविवारी तो पुन्हा उफाळला. आत्मा मरत नाही, त्याला शस्त्र कापत नाही, आग जाळत नाही. शहाणा माणूस शोक करत नाही. मी पुस्तक मिटले. आत्मा अमर आहे हे मला मान्य होते. माझी तक्रार आत्म्याबद्दल नव्हतीच. सकाळी सहाला आले ठेचून चहा करणाऱ्या हातांबद्दल होती. ‘अहो, चष्मा कपाळावरच आहे’ असे सांगणाऱ्या आवाजाबद्दल होती. त्याचे उत्तर दुसऱ्या अध्यायात नव्हते.

या रागाची मला लाज वाटत होती. तेव्हा सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाची आठवण झाली. ख्रिस्ती श्रद्धेची बाजू मांडणारा हा जगप्रसिद्ध लेखक. १९६० साली त्याची पत्नी कर्करोगाने गेली. तेव्हाच्या टिपणांचे छोटे पुस्तक त्याने १९६१ मध्ये टोपणनावाने छापले. गरजेच्या वेळी देवाचे दार ठोठवावे तर ते तोंडावर बंद झाल्यासारखे वाटले, असे त्या श्रद्धावंताने त्यात मोकळेपणाने कबूल केले आहे. पुस्तकाच्या शेवटी तो श्रद्धेकडे वळतो, पण राग लपवत नाही. एवढा मोठा माणूस रागावू शकतो, तर पिंपळनेरच्या निवृत्त बँक अधिकाऱ्याने रागवायला काय हरकत आहे, असे वाटून जरा मोकळे झालो.

आणि महाभारतातलीच एक गोष्ट लक्षात आली. पुढे तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. संध्याकाळी छावणीत परतल्यावर अर्जुनाला ते कळले. संपूर्ण गीता ऐकलेला, आणि तीही प्रत्यक्ष देवाच्या तोंडून ऐकलेला हा माणूस मुलासाठी धाय मोकलून रडला. गीता ऐकूनही तू रडतोस कसा, असे म्हणून कृष्णाने त्याला दूर लोटले नाही. तो जवळ राहिला, त्याने अर्जुनाला सावरले, सुभद्रेचेही सांत्वन केले. श्रद्धा असलेल्या माणसाने रडायचे नसते, हे कोणी काढले कोण जाणे. व्यासांनी तरी तसे लिहिलेले नाही.

रविवार पुढे सरकत होते. आषाढात नववा अध्याय आला. देवाला पान, फूल, फळ, नुसते पाणीही चालते, ते मनापासून दिले की झाले, असे त्यात आहे. त्याच आठवड्यात मावशी अंगणात आल्या होत्या. पत्नीने आदल्या वर्षी लावलेले लिंबाचे रोप माझ्या दुर्लक्षाने सुकत चालले होते. त्यांनी काठीने तिकडे दाखवले. म्हणाल्या, “ती गई भाऊ, पन तिनं लायेल झाड आठेच शे. त्याले पानी घाल.” मी तांब्याभर पाणी घातले. दुसऱ्या दिवशीही घातले. देवघरातला दिवा लावायला अजून हात धजावत नव्हता, पण रोज सकाळी उठून पाणी घालायचे, एवढे एक कारण मिळाले.

दुःखात हाताला काम लागते, हे आमच्या खानदेशाला नव्याने सांगायला नको. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना तिशीच्या सुमारास वैधव्य आले. पदरात लहान मुले, लिहिता-वाचता येत नाही. जात्यावर आणि शेतात काम करता करता त्या गात राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ती गाणी टिपून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. त्यांच्या एका गाण्यात विधवा बाई स्वतःलाच समजावते. सौभाग्याच्या खुणा गेल्या तरी मनगटातले बळ गेलेले नाही, असे मनाला बजावते आणि भविष्य सांगायला आलेल्या ज्योतिषाला दारातूनच माघारी धाडते. बाहेरचा कोरडा दिलासा तिला नको आहे. तिने आपला दिलासा स्वतःच्या बोलीत, स्वतः दळून काढला. त्या गाण्यांत देव आहे, पण तो शेतातल्या अंकुरात आहे, पानाफुलांत आहे, हाताशी आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी अठरावा अध्याय संपला. पितृपक्ष चालू होता. तीनच दिवसांपूर्वी नवमी झाली होती. नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीची ती तिथी. त्या संध्याकाळी मी मावशींच्या ओट्यावर जाऊन बसलो. आजवर डबा घ्यायलाच मी त्यांच्याशी बोलत होतो. त्या दिवशी मला त्यांचा मुलगा आठवला. चाळीसएक वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांचा तो पोरगा पांझरेच्या पुरात गेला होता. मी तेव्हा बँकेत नवीन होतो. दुखवट्याला गेलो होतो. मी म्हणालो, “मावशी, तेव्हा मी काहीतरी बोललो असेन. देवाची इच्छा, वगैरे. चुकलंच माझं.”

मावशी बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तू काय बोलना ते याद नही भाऊ. तू बसना व्हता, ते याद शे.”

मी विचारले, “देवाचा राग नाही आला?”

“येस ना. आजबी येस.” त्यांनी विठ्ठल मंदिराच्या दिशेने हात केला. “मंग तो राग कोनले सांगू? त्यालेच सांगस.”

चाळीस वर्षे ही बाई रोज देवळात जात होती. मला वाटायचे, तिचे देवाशी सगळे मिटले आहे. तिचे भांडण मिटले नव्हते. तिने भांडायला जाणे सोडले नव्हते. विश्वास म्हणतात तो बहुधा हाच असावा. पटले नाही तरी ज्याच्याशी बोलणे तोडायचे नाही, असा कोणीतरी असणे. घरी आलो आणि देवघरात दिवा लावला. माझ्या प्रश्नांना उत्तरे मिळाली म्हणून नव्हे. सहा महिने अबोला धरला होता, तो पुरे झाला म्हणून.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर लेख अप्रामाणिक होईल. ज्या साने गुरुजींनी धुळ्यात ती प्रवचने टिपली, विद्यार्थ्यांची सेवा केली, पुतणीला ‘सुंदर पत्रे’ लिहून जगण्यातले मांगल्य दाखवले, हजारो घरांना रडवून हलके केले, त्यांनी ११ जून १९५० रोजी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. इतरांना धीर देणाऱ्या त्या माणसाच्या मनात किती काळोख साचला होता, ते कोणाला वेळीच कळले नाही. त्यांची श्रद्धा कमी होती, असे म्हणायची कोणाची छाती आहे? मला त्यातून एवढेच कळते की नुसत्या पुस्तकातल्या शब्दांवर माणूस तगत नाही. समोर बसणारे माणूस लागते, गरज पडली तर डॉक्टर लागतो. आणि जो सगळ्यांना धीर देत फिरतो, त्याच्या घरात डोकावून बघणारेही कोणी लागते. घरातला कर्ता, सगळ्यांचे अश्रू पुसणारी थोरली बहीण, गावातल्या मावशी. यांना आपण क्वचितच विचारतो. त्या रात्री मी मावशींच्या दारात पुन्हा गेलो आणि पहिल्यांदाच विचारले, “जेवनी का, मावशी?” त्या हसल्या. दोन दिवसांपासून सांधे धरले होते, स्वयंपाक केला नव्हता. मी जमेल तशी खिचडी टाकली. मीठ जास्त झाले होते. त्यांनी ती खाल्ली.

२०२२ ची आखाजी ३ मे रोजी आली. निर्बंध उठले होते. मुलगी आली, मुलगाही महिनाभराची रजा काढून आला. कुंभाराकडून घागर आणली, पाण्याने भरली, वर खरबूज आणि सांजोरी ठेवली. आमच्याकडे त्या दिवशी उंबरठ्यावर कुंकवाचे एकेक बोट उमटवत घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचे नाव घेतात. आजोबा, आजी, वडील, आई झाले. शेवटचे बोट उमटवताना माझा हात थांबला. मुलीने माझ्या हाताखाली हात धरला आणि तिच्या आईचे नाव आम्ही तिघांनी मिळून घेतले. पाड्यावरची ती बाई मला पुन्हा आठवली. पासबुकावरचे नाव कापले जाते. उंबरठ्यावरचे नाव दर वर्षी नव्याने घेतले जाते. तिला तेव्हा एवढे तरी सांगता आले असते. चुलीतल्या निखाऱ्यांवर आगारी टाकली, तूप चरचरले आणि धुराने सगळ्यांचेच डोळे भरले.

दुपारनंतर माणसे येऊ लागली. साक्रीहून, धुळ्याहून, सटाण्याहून. वर्षभर राहून गेलेला दुखवटा आखाजीला आला होता. अंगणात सतरंजी अंथरली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग माझ्या आतेभावाने विचारले, “कसं झालं?” आणि मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. तासाभराने दुसरे लोक आले. पुन्हा सांगितले. तेच जुने शब्दही त्या दिवशी कानावर पडले, देवाची इच्छा, सोन्याची पावले. पण आता ते टोचले नाहीत. ते बोलणारी माणसे समोर बसली होती, त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि याहून चांगले शब्द त्यांच्याजवळ नव्हते. माझ्याजवळ तरी कुठे होते?

तेव्हापासून दारावर जायचे असले की काय बोलावे याचा मी विचार करत बसत नाही. डबा घेतो आणि जातो. ‘कसं झालं?’ एवढे विचारतो आणि ऐकतो. गेलेल्या माणसाचे नाव मुद्दाम घेतो, कारण ते नाव कोणाच्या तरी तोंडून ऐकण्यासाठी घरच्यांचे कान आसुसलेले असतात. आणि पंधरा दिवसांनी, गर्दी ओसरल्यावर पुन्हा एकदा जातो. खरे एकटेपण तेव्हाच सुरू होते.

लिंबाचे झाड आता माझ्या खांद्याला लागले आहे. यंदा त्याला पहिली फळे आली. त्यातली दोन देवासमोर ठेवली, दोन मावशींच्या ओट्यावर नेऊन दिली. त्यांनी ती हातात घेऊन हुंगली आणि नेहमीप्रमाणे विचारले, “जेवना का, भाऊ?”

“हो मावशी,” मी म्हणालो, “जेवलो.”